लाडोगा सरोवर

रशियाच्या वायव्य टोकाला, सेंट पीटर्सबर्गच्या पूर्वेला असलेलं गोड्या पाण्याचं सरोवर. पूर्णपणे युरोपात असलेल्या सरोवरांमध्ये हे सगळ्यात मोठं, क्षेत्रफळ साधारण १७,७०० चौ. किमी आणि जास्तीत जास्त खोली २३० मीटर. पण नुसत्या साइजवरून लाडोगा कळत नाही, त्याच्यात पाणी कुठून येतं आणि जातं कुठे ते बघायला लागतं.

येणाऱ्या मोठ्या नद्या तीन. पूर्वेकडून स्विर येते, ती ओनेगा सरोवरातून निघते. दक्षिणेकडून वोल्खोव, ती इल्मेन सरोवरातून. आणि वायव्येकडून वुओक्सा, जी फिनलंडच्या सायमा सरोवरांचं पाणी घेऊन येते. म्हणजे तिन्ही नद्या आधीच एकेका सरोवरातून निघालेल्या, आणि वर छोट्या नद्या वेगळ्याच. बाहेर जायची वाट मात्र एकच, नेव्हा. लांबी फक्त ७४ किमी, पण सुमारे २,८१,००० चौ. किमी प्रदेशाचं पाणी तिच्यातून फिनलंडच्या आखातात जातं, सरासरी सेकंदाला २,५०० घनमीटरच्या आसपास. एवढ्याशा लांबीची नदी आणि एवढं पाणी, कारण नेव्हा ही खरं तर लाडोगाची मोरीच आहे.

याचा सगळ्यात मोठा परिणाम म्हणजे नेव्हाला वसंतात बर्फ वितळल्यावर रशियातल्या इतर नद्यांसारखा मोठा पूर येत नाही. वरून कितीही पाणी आलं तरी ते एवढ्या मोठ्या सरोवरात पसरतं, लेव्हल हळूहळू चढते, हळूहळू उतरते. मग पीटर्सबर्गचे ते प्रसिद्ध पूर कसले? ते समुद्राकडून येतात, पश्चिमेच्या वादळांनी आखातातलं पाणी नेव्हाच्या मुखात लोटलं की शहर बुडतं, १८२४ साली तर पाणी चार मीटरच्या वर चढलं होतं. म्हणूनच २०११ ला पूर्ण झालेला बांध आखातात आहे, नदीवर नाही.

बर्फाचंही तसंच. वसंतात नेव्हावरून बर्फ दोनदा वाहत जातो, आधी नदीचा स्वतःचा, मग काही दिवसांनी लाडोगाचा. पीटर्सबर्गकर मधेच थंडी परतली की लाडोगाच्या बर्फाला दोष देतात, आणि त्याच दिवसांत बाजारात कोर्युश्का येते, काकडीसारखा वास येणारा छोटा मासा, त्याचं तिथे फारच कौतुक.

नेव्हा वयाने लहान आहे बरं का. हिमयुगानंतर बर्फाचं वजन उतरलं तशी जमीन वर येत गेली, उत्तरेला जास्त वेगाने, त्यामुळे सरोवर दक्षिणेकडे कलत गेलं आणि काही हजार वर्षांपूर्वी पाण्याने नेव्हाची वाट फोडली. त्याआधी ते पश्चिमेला, आजच्या व्हीबॉर्गच्या बाजूने बाल्टिकला जायचं. इथला सीलसुद्धा त्याच हिमयुगाची खूण, समुद्रापासून तुटून गोड्या पाण्यात राहिलेली ही जात दुसरीकडे कुठेच नाही.

उत्तरेचा भाग खोल आणि खडकाळ, वालाम बेटावरचा मठ तिकडेच. दक्षिण उथळ, आणि तिथे वादळात लाटा अशा उसळतात की जुन्या काळी मालाच्या होड्या सारख्या बुडायच्या. पीटर द ग्रेटने वैतागून किनाऱ्याला लागून कालवाच खणायला घेतला, १७१९ ते १७३१, म्हणजे वोल्खोवमधून नेव्हात जाताना सरोवरात उतरायलाच नको. आता व्होल्गाकडून येणारी जहाजं ओनेगा, स्विर, लाडोगा, नेव्हा या मार्गाने बाल्टिकला पोचतात. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन फौजांनी लेनिनग्राडची (पीटर्सबर्गचं तेव्हाचं नाव) जमिनीवरची वाट तोडली तेव्हा हेच सरोवर उरलं होतं, आणि नोव्हेंबरपासून गोठलेल्या पाण्यावरून धान्याचे ट्रक जायला लागले.

लाडोगातलं पाणी पूर्ण बदलायला दहा-बारा वर्षं लागतात, त्यामुळे घाण पण तितकीच रेंगाळते. खतं आणि कारखान्यांमुळे फॉस्फरस वाढून शेवाळं माजलं, शेवटी १९८६ ला प्रिओझेर्स्कचा कागदाच्या लगद्याचा कारखाना बंद करायला लागला. पीटर्सबर्गच्या नळाला येतं ते नेव्हाचं, म्हणजे हेच पाणी. वोल्खोववर १९२६ ला वीजकेंद्राचं धरण झाल्यावर सिग माशाची अंडी घालायला नदीत वर जायची वाट तुटली, आणि त्या माशाचं पुढे व्हायचं तेच झालं.