मोजक्या पैशांत अँड्रॉइडहून आयफोनकडे, आयफोनहून अँड्रॉइडकडे : एक पार्श्वभूमी

चतुर्थीच्या तोंडावर म्हापसा, पणजी आणि मडगावच्या मोबाइल दुकानांत जुना फोन देऊन नवा घेणाऱ्यांची गर्दी वाढते. त्यांतले काही जण अँड्रॉइड सोडून आयफोन किंवा आयफोन सोडून अँड्रॉइड घ्यायला आलेले असतात. अशा ग्राहकाचा हिशेब बहुधा नव्या फोनची किंमत, जुन्याचे वजा होणारे पैसे आणि दरमहाचा हप्ता एवढ्यावर थांबतो. या हिशेबात न मांडला जाणारा खर्च गेल्या दीड दशकाहून अधिक काळ साचत आला आहे. कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम), ॲपचे दुकान, क्लाउडवरची साठवण, घड्याळ, इअरफोन आणि चार्जर या सगळ्यांची मिळून जी परिसंस्था बनते, ती कशी घडत गेली हे पाहिल्याशिवाय वीस-पंचवीस हजारांच्या मर्यादेत ती बदलणे इतके जड का जाते, याचा उलगडा होत नाही.

नोकिया ११०० हा फोन २००३ मध्ये आला, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. नावे आणि क्रमांक सिममध्ये साठवलेले असत, साधारण अडीचशे नावांची तिथे सोय असे, आणि सिम काढून दुसऱ्या कंपनीच्या फोनमध्ये घातले की स्थलांतर पूर्ण होई. अडचण होती ती क्रमांकाची. सेवा देणारी कंपनी बदलली की क्रमांक जाई, आणि व्यापारी, रिक्षाचालक किंवा इलेक्ट्रिशियन यांच्यासाठी क्रमांक जाणे म्हणजे गिऱ्हाईक जाणे होते. २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली, आणि त्यासाठीचे शुल्क सुरुवातीला एकोणीस रुपये होते. ही सोय मात्र एका दूरसंचार परिमंडळापुरतीच होती. गोवा हा महाराष्ट्र परिमंडळाचा भाग असल्यामुळे पेडण्याचा माणूस सावंतवाडीत कामाला गेला तरी त्याचा क्रमांक ‘घरचा’ राही. पण काणकोणचा माणूस कारवारला किंवा डिचोलीची मुलगी बेळगावला गेली की परिमंडळ बदले, आणि मुंबई तर स्वतंत्र परिमंडळ होते. ही अट ३ जुलै २०१५ रोजी गेली. क्रमांकाच्या बाबतीत ग्राहकाचा हक्क नियमाने मान्य झाला आणि तो अत्यंत स्वस्तात मिळाला, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण फोनच्या आत जे साठत गेले त्याच्या बाबतीत आपल्याकडे असा नियम झालेला नाही.

आत साठण्याची सुरुवात त्याआधीच झाली होती. ॲपलने ९ जानेवारी २००७ रोजी आयफोन जाहीर केला आणि जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पहिला अँड्रॉइड फोन आणि गुगलचे ॲपचे दुकान आले. दोन्ही दुकानांतली खरेदी त्या त्या दुकानाच्या खात्याला बांधलेली राहिली. एका बाजूला पैसे देऊन घेतलेले ॲप दुसऱ्या बाजूला पुन्हा विकत घ्यावे लागते, आणि ही स्थिती आजही बदललेली नाही. भारतात आयफोन २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल आणि व्होडाफोनमार्फत आला. आठ जीबीच्या फोनची किंमत ३१,००० रुपये होती, आणि त्या काळी एवढ्या पैशांत चांगली वापरलेली दुचाकी मिळत असे.

गोव्यात मात्र आयफोन दुकानातूनच आला असे नाही. जहाजावरचे तारवटी, आखातात नोकरी करणारे आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले नातेवाईक यांच्या सामानातून तो दाबोळी विमानतळावर उतरला, आणि या भेटींमुळे अनेक घरे किंमत न मोजता नव्या परिसंस्थेत गेली. त्या भेटींना आपापल्या अडचणी होत्या. अमेरिकेतले सुरुवातीचे आयफोन एटी अँड टी या एकाच कंपनीला बांधलेले असत. संयुक्त अरब अमिरातीत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये कित्येक वर्षे फेसटाइम ही ॲपलची व्हिडिओ कॉलची सोयच नव्हती, त्यामुळे दुबईहून आणलेला फोन ज्या कारणासाठी हवा असे, नेमके तेच काम त्यावर होत नसे. सप्टेंबर २०२२ पासूनच्या अमेरिकी आयफोनमध्ये सिम घालायची खाचही नाही, केवळ ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेले सिम, चालते. परदेशातून येणारा फोन स्वस्त पडतो हा समज गोव्यात खोलवर रुजलेला आहे. माझ्या मते तो फोन कोणत्या देशासाठी बनवलेला आहे हे विचारल्याखेरीज तो स्वीकारू नये.

याच काळात काही परिसंस्था बंदही पडल्या, आणि त्यांतल्या लोकांना स्वतःच्या इच्छेविरुद्ध स्थलांतर करावे लागले. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने सिंबियन ही आपल्या फोनांची कार्यप्रणाली मागे टाकून मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनची कास धरली. २०१३ मध्ये आलेला लुमिया ५२० हा आटोपशीर किमतीचा फोन भारतात खूप खपला. त्याचे मालक काही वर्षांतच अडचणीत आले, कारण त्यांच्यासाठी ॲप बनवणारे उरले नाहीत, आणि ३१ डिसेंबर २०१९ नंतर व्हॉट्सॲपनेही विंडोज फोनचा आधार काढून घेतला. ब्लॅकबेरी मेसेंजरची सर्वसामान्यांसाठीची सेवा ३१ मे २०१९ रोजी संपली आणि ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांचा सेवाधार ४ जानेवारी २०२२ रोजी थांबला. जगात दोनच मोठ्या परिसंस्था उरल्या त्या या पडझडीतून, आणि तिसरा पर्याय नसल्यामुळे त्या दोघींमधली भिंत कमी करण्याची निकडही दोघींपैकी कोणाला फारशी वाटली नाही.

मर्यादित पैशांचा ग्राहक मोठ्या संख्येने अँड्रॉइडवर आला तो २०१४ ते २०१७ या अवधीत. जुलै २०१४ मध्ये शाओमीचा मी ३ हा फोन १३,९९९ रुपयांत आला. सप्टेंबरमध्ये गुगलने मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांच्याबरोबर ६,३९९ रुपयांपासूनचे अँड्रॉइड वन फोन भारतातच पहिल्यांदा विकायला काढले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि ३० डिसेंबरला भीम ॲप आले. चार महिन्यांत घडलेल्या या तीन गोष्टींनी फोनला पाकिटाची जागा दिली. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा सत्तरी, सांगे आणि काणकोणच्या आतल्या गावांतली मुले नेटवर्कसाठी डोंगर चढत होती, आणि ज्या घरात एकच स्वस्त अँड्रॉइड होता तिथे तो वर्ग, बँक आणि पत्रव्यवहार या तिन्हींसाठी हातोहात फिरत होता. अशा घराच्या दृष्टीने फोन बदलणे ही चैनीची बाब उरली नव्हती, आणि तो बदलताना काही हरवणे परवडण्यासारखे नव्हते.

हरवते काय, हा या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे. मे २०१५ मध्ये गुगल फोटोजने थोड्या कमी दर्जाची छायाचित्रे अमर्याद आणि फुकट ठेवण्याची सोय दिली, आणि १ जून २०२१ पासून ती बंद केली. मधल्या सहा वर्षांत बारशापासून बाराव्यापर्यंतची छायाचित्रे तिथे जाऊन बसली होती. त्यानंतरची भर पंधरा जीबीच्या फुकट मर्यादेत मोजली जाऊ लागली, आणि मेल व व्हॉट्सॲपचा बॅकअपही आज त्याच पंधरा जीबीत मावावा लागतो. ॲपलची फुकट मर्यादा २०११ मध्ये आयक्लाउड सुरू झाले तेव्हा पाच जीबी होती आणि आजही पाचच आहे. अँड्रॉइडहून आयफोनकडे जाणाऱ्याला म्हणूनच लवकरच महिन्याचे भाडे सुरू करावे लागते. रक्कम छोटी असते, परंतु फोनचा हप्ता संपला तरी ती संपत नाही, आणि खरेदीच्या दिवशी ती कोणी सांगत नाही.

व्हॉट्सॲपची गोष्ट याहून अवघड आहे. अँड्रॉइडवर त्याचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर जातो, आयफोनवर आयक्लाउडवर, आणि एकीकडचा बॅकअप दुसरीकडे उघडत नाही. परिणामी कित्येक वर्षे परिसंस्था बदलणे म्हणजे जुने संभाषण सोडून देणे होते. गोव्यात ज्यांचे अर्धे कुटुंब समुद्रावर किंवा परदेशात आहे, त्यांच्यासाठी ते संभाषण म्हणजे घरचा पत्रव्यवहारच होता; गेलेल्या माणसाचा आवाजही कधी तिथेच उरलेला असतो. आयफोनहून सॅमसंगच्या फोनवर संभाषण नेण्याची सोय २०२१ मध्ये आणि अँड्रॉइडहून आयफोनवर नेण्याची २०२२ मध्ये झाली. तिच्या अटी मात्र आजही महत्त्वाच्या आहेत. क्रमांक तोच हवा, जुना फोन हाताशी चालू हवा आणि नवा फोन अगदी कोरा किंवा पुन्हा कोरा केलेला हवा, कारण हे स्थलांतर नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच करायचे असते.

येथेच कमी पैशांचा ग्राहक कोंडीत सापडतो. एक्स्चेंजमध्ये जुना फोन दुकानात किंवा दारात आलेल्या माणसाच्या हाती तिथल्या तिथे द्यावा लागतो, आणि दुकानातला मुलगा मदत म्हणून नवा फोन लगेच सुरू करून, खाते टाकून देतो. त्या दहा मिनिटांत स्थलांतराची वेळ निघून जाते. ज्याला जुना फोन आठवडाभर घरी ठेवणे परवडते, त्याच्याबाबतीत असे होत नाही. एक्स्चेंजची सवलत मिळवण्यासाठी मोजलेली खरी किंमत अनेकदा याच दहा मिनिटांत दडलेली असते, असे मला ठामपणे वाटते; आणि दुकानदारांनी जुना फोन ताब्यात घेण्याआधी हे एकदा विचारण्याची पद्धत पाडली, तर त्यांचे काहीच बिघडणार नाही.

पैशांच्या व्यवहारालाही वेळ लागतो. यूपीआय ॲप सिम असलेल्या फोनमधूनच एसएमएस पाठवून खाते जोडते, त्यामुळे नव्या फोनवर प्रत्येक ॲप पुन्हा नोंदवावे लागते आणि सुरुवातीला व्यवहाराच्या रकमेवर मर्यादा राहते. सुरक्षेसाठी हे योग्यच आहे. चतुर्थीच्या बाजाराच्या आदल्या दिवशी फोन बदलू नये, एवढाच त्याचा अर्थ.

माहिती हलवण्याची साधने कंपन्यांनी दिली ती तुकड्यातुकड्यांनी. गुगलने २०११ मध्ये आपली माहिती उतरवून घेण्यासाठी टेकआउट सुरू केले. अँड्रॉइडवरची माहिती आयफोनवर नेणारे ॲपलचे ‘मूव्ह टू आयओएस’ सप्टेंबर २०१५ मध्ये आले, आणि मार्च २०२१ मध्ये आयक्लाउडची छायाचित्रे थेट गुगल फोटोजमध्ये पाठवण्याची सोय ॲपलने दिली. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या बाजारातील वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. तो आदेश मुख्यतः फोनमध्ये आधीच भरून दिलेल्या ॲपविषयी आणि शोधयंत्राविषयी होता; एका परिसंस्थेतून दुसरीत जाणाऱ्या ग्राहकाचे ओझे त्याने हलके झाले नाही.

किमतीच्या बाजूनेही एक इतिहास आहे. आयात होणाऱ्या फोनवरचे मूळ सीमाशुल्क २०१८ मध्ये वीस टक्के झाले आणि जुलै २०२४ मध्ये पंधरा टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२० पासून फोनवरचा जीएसटी बारावरून अठरा टक्के झाला. आयफोनची भारतातली जुळणी २०१७ मध्ये बेंगळुरूत सुरू झाली, तरी नवा आयफोन आवाक्याबाहेरच राहिला, म्हणून मोजक्या पैशांतला मार्ग जुन्या मॉडेलांतून गेला. आयफोन ६ हा २०१४ चा फोन २०१७ मध्ये भारतात तीस हजारांच्या आत पुन्हा विकायला आला आणि पुढे सेकंडहँड बाजारात वर्षानुवर्षे फिरला. मे २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने त्याचाही आधार काढून घेतला. सेकंडहँड आयफोन घेताना बॅटरी आणि काच पाहिली जाते, पण आणखी किती वर्षे त्याला नवी कार्यप्रणाली मिळेल, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. याबाबतीत आयफोन पूर्वीपासून पुढे होता. २०१५ च्या आयफोन ६एसला २०२१ ची कार्यप्रणालीही मिळाली. अँड्रॉइडच्या बाजूने ही दरी अलीकडेच भरू लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने एस२४ ला सात वर्षांचे आश्वासन दिले. वीस हजारांच्या आतल्या गॅलेक्सी ए१६ ला सहा वर्षांचे मिळाले, आणि सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने मी या आश्वासनाला सर्वांत जास्त महत्त्व देतो.

सेकंडहँड फोनमधला दुसरा धोका कुलुपाचा. आयफोनवर २०१३ पासून आणि अँड्रॉइडवर २०१५ पासून आधीच्या मालकाचे खाते काढल्याशिवाय फोन चालू होत नाही. ही सोय चोरीला आळा घालण्यासाठी आली. प्रामाणिक खरेदीदाराने मालकासमोरच खाते काढून घ्यावे लागते, एवढी त्याची तसदी. मे २०२३ पासून ‘संचार साथी’ संकेतस्थळावर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाकून फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, हेही फुकट पाहता येते.

मराठी आणि कोकणी लिहिणाऱ्यांची एक अडचण मात्र खरोखर मिटली आहे. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत, आणि आयफोनवर मराठी कळफलक २०१४ मध्ये आला. आज दोन्हीकडे देवनागरी नीट उमटते, त्यामुळे भाषेच्या कारणाने कोणाला अडून राहावे लागत नाही.

चार्जरचेही तसेच झाले. युरोपीय संघाच्या कायद्याचा रेटा वाढल्यावर सप्टेंबर २०२३ च्या आयफोन १५ पासून टाइप-सी केबल दोन्हीकडे चालू लागली. मात्र आयफोन १४ किंवा त्याआधीचा घेणाऱ्याला जुनी लाइटनिंग केबलच लागते, आणि ऑक्टोबर २०२० पासून आयफोनच्या डब्यात चार्जर येत नाही. ॲपलचे घड्याळ फक्त आयफोनशी जोडले जाते, आणि सॅमसंगच्या घड्याळांनी २०२१ च्या वॉच ४ पासून आयफोनची साथ सोडली. ज्याच्या मनगटावर असे घड्याळ आहे, त्याने फोनच्या किमतीबरोबर तेही हिशेबात धरणे भाग आहे.