लाईट आली, पण नोंदी का थांबल्या?

नाशिकच्या दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या काही द्राक्षबागांत हौसेने जुळवलेली हवामान केंद्रं दिसतात. एक रास्पबेरी पाय (छोटा संगणक), तापमान-आर्द्रतेचा सेन्सर आणि पान किती वेळ ओलं राहिलं ते मोजणारी पट्टी, एवढाच पसारा. गोडी छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती असते. मग पान किती तास ओलं होतं नि तेव्हा तापमान किती होतं, यावर फवारणी ठरते.

या केंद्रांची एक ठरलेली तक्रार आहे. रात्री लाईट जाऊन येते आणि नोंदी बंद पडतात. मशीन चालू असतं. हाताने प्रोग्राम सुरू केला तर तो बिनतक्रार चालतो. मग आधी सेन्सर बदलला जातो, नंतर केबल. दोष बहुधा तिथे नसतोच.

रास्पबेरी पायवर सहसा लिनक्स ही प्रणाली चालते. ती सुरू होताना तिचा गाभा, म्हणजे कर्नल, सगळ्यात आधी एक प्रोग्राम उठवतो, त्याचा क्रमांक १. आज बहुतेक ठिकाणी हे काम सिस्टिमडी करतो. लेनार्ट पोएटरिंग आणि के सिव्हर्स यांनी २०१० मध्ये तो आणला. पडद्यामागच्या सेवा उठवणं, पडल्या तर पुन्हा उभ्या करणं ही त्याची जबाबदारी. जुन्या पद्धतीत सेवा एकामागून एक सुरू होत. सिस्टिमडी शक्य तेवढ्या एकदम सुरू करतो. मशीन लवकर तयार होतं ते त्यामुळे, आणि आपली गोची होते तीही त्यामुळेच. नोंदींचा प्रोग्राम जागा होतो तेव्हा शेडमधला राउटर अजून उठतच असतो. नेट सापडत नाही, प्रोग्राम पडतो.

‘पडला तर पुन्हा सुरू कर’ असं सेटिंग केलेलं असलं तरी गंमत पुढे आहे. दोन प्रयत्नांमध्ये सिस्टिमडी मुळात ०.१ सेकंदच थांबतो, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करूनही सेवा टिकली नाही तर नाद सोडतो. राउटरला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तोवर इकडचा खेळ कधीच आटोपलेला असतो. सिस्टिमडीला हुकूम देणाऱ्या सिस्टिमसीटीएल या कमांडच्या ‘स्टेटस’मध्ये किंवा जर्नलमध्ये (सिस्टिमडीच्या नोंदवहीत) ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ असं दिसलं, तर चोर सापडला म्हणायचं. रीस्टार्टसेक हे दोन प्रयत्नांमधल्या अंतराचं सेटिंग ३० सेकंदांवर न्या. मग १० सेकंदांत ५ची मर्यादा कधी गाठलीच जात नाही आणि प्रयत्न चालू राहतात. बदल ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने करावा. तो सेवेच्या मूळ फाइलला हात न लावता वेगळा साठतो, त्यामुळे अपडेटमध्ये पुसला जात नाही.

(त्याआधी एक साधी गोष्ट तपासा. ‘स्टार्ट’ म्हणजे आत्ता सुरू, ‘एनेबल’ म्हणजे पुढच्या वेळी आपोआप सुरू. दुसरं विसरलेलं असलं तर बाकीची डोकेफोड व्यर्थ.)

‘नेटवर्कनंतर सुरू हो’ असं सांगूनही भागत नाही, ही यातली खरी मेख. सेवेच्या फाइलमधलं ‘आफ्टर’ फक्त क्रम ठरवतं; समोरची सेवा उठवायची असेल तर ‘वॉन्ट्स’ वेगळं लिहावं लागतं. शिवाय ‘नेटवर्क’ टार्गेट (मशीन सुरू होतानाचा एक टप्पा) म्हणजे नेट सांभाळणारी यंत्रणा जागी झाली, इतकंच. जोडणी खरोखर होईपर्यंत थांबायचं तर ‘नेटवर्क-ऑनलाइन’ लागतं, आणि तेही ठरावीक वेळच वाट बघतं. माझं मत विचाराल तर नोंदींनी नेटवर अवलंबून राहूच नये. आकडे आधी मेमरी कार्डावर लिहावेत, नेट आलं की पाठवावेत.

नेटशिवाय नोंदी सुरू झाल्या की मात्र घड्याळाचा प्रश्न उभा राहतो. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या मॉडेलांत वीज नसताना चालणारं घड्याळ नाही. ५ मध्ये आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. लाईट आल्यावर मशीन शेवटी साठवलेल्या वेळेपासून मोजायला लागतं आणि नेट मिळाल्यावर एकदम पुढे उडी मारतं. पहाटे तीनला ओलं झालेलं पान रात्री अकराला ओलं झाल्याची नोंद होते आणि ओलाव्याच्या तासांचा हिशेब फसतो. यावर सेटिंगचा उपाय नाही. नाण्याएवढ्या सेलवर चालणारं डीएस३२३१ घड्याळ जोडावं. ते वर्षाला साधारण एखाद्या मिनिटाच्या आतबाहेर चुकतं, आणि पानांच्या हिशेबाला तेवढं पुरतं.