विद्यापीठ जवळ आलं, प्रवेश लांब गेले : खानदेशातल्या कुलसचिवपदाची पार्श्वभूमी

विद्यापीठाची जाहीर सूचना, परिपत्रक, मुदतवाढ, फेरमुदतवाढ; काहीही निघालं तरी खाली सही एकाच पदाची असते, कुलसचिवाची. कुलगुरूंचं नाव निदान कॉलेजातल्या पोरांना ठाऊक असतं, कुलसचिवांचं फारसं कुणाला नसतं. कायद्याने मात्र हाच विद्यापीठाचा मुख्य प्रशासकीय अधिकारी. अधिसभा, व्यवस्थापन परिषद आणि विद्यापरिषद या तिन्ही ठिकाणी सचिव तोच. अभिलेख आणि विद्यापीठाची मुद्रा त्याच्या ताब्यात, निवडणुका त्याच्या देखरेखीखाली, आणि कोर्टात विद्यापीठावर दावा लागला की पळापळ त्याच्याच कार्यालयाची. खानदेशात हे पद पस्तीस वर्षांचं झालं. या काळात त्याच्या टेबलावर काय आलं आणि काय निघून गेलं, ते पाहिलं की इथल्या प्रवेशांची आजची तऱ्हा कळते.

अमळनेरचं प्रताप महाविद्यालय आणि जळगावचं मूळजी जेठा महाविद्यालय ही दोन्ही 1945 ची. तेव्हा वरचं विद्यापीठ मुंबईचं होतं. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ निघालं आणि खानदेश तिकडे गेला, तो पुढची चाळीस वर्षं तिकडेच राहिला. मराठवाड्याला 1958 मध्ये, कोल्हापूरला 1962 मध्ये, अमरावतीला 1983 मध्ये स्वतःचं विद्यापीठ मिळालं. तापीकाठची पोरं मात्र पात्रता प्रमाणपत्रासाठी, स्थलांतर प्रमाणपत्रासाठी, गुणपत्रिकेतल्या एका चुकलेल्या अक्षरासाठी पुण्याचं तोंड पाहत होती. कॉलेजचा कारकून गठ्ठा बांधून महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला खेप करायचा. शहाद्या-तळोद्याच्या बापाला ती खेप परवडायची नाही, म्हणून कागद अडला की पोराचं वर्षही अडायचं.

15 ऑगस्ट 1990 रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं. डॉ. एन. के. ठाकरे पहिले कुलगुरू. नाव उत्तर महाराष्ट्र, पण नाशिक जिल्हा पुण्याकडेच राहिला. म्हणजे हाती आले ते त्या वेळचे धुळे आणि जळगाव, थोडक्यात जुना खानदेश. (नंदुरबार 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला, तेव्हा जिल्हे तीन झाले, क्षेत्र तेच राहिलं.) जागा ठरली जळगावबाहेर बांभोरीजवळ, गिरणेच्या काठी, महामार्गाला लागून. तिथून पुढे त्या माळाचं नाव उमविनगर; ‘उमवि’ म्हणजे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ.

नव्या विद्यापीठाच्या कुलसचिवाचं पहिलं काम इमारतीचं नसतं, नोंदींचं असतं. पुण्याच्या अभ्यासक्रमावर शिकणारी मुलं मधल्या वर्गांत होती, कॉलेजांची संलग्नता इकडे यायची होती, नियम-परिनियम नव्याने लिहायचे होते. माणसं लागली, भरती झाली. तेव्हा पंचविशीत कनिष्ठ लिपिक म्हणून लागलेला माणूस वरिष्ठ लिपिक, सहायक, कक्ष अधिकारी अशा पायऱ्या चढत सहायक कुलसचिव झाला, फार तर उपकुलसचिव. ती पहिली पिढी आत्ता-आत्ताच अठ्ठावन्न पूर्ण करून घरी गेली. कुलसचिवाच्या खुर्चीपर्यंत या जिन्याने पोचणारे थोडे. तिथे प्राध्यापकीतून आलेलेही बसतात. नेमणूक पाच वर्षांची, आणि महाराष्ट्रभर पाहिलं तर ‘प्रभारी कुलसचिव’ हा शब्द नुसत्या ‘कुलसचिव’ इतकाच कानावर पडतो. कुलगुरू बदलतात, कुलसचिव प्रभारी असतात, आणि कोणती फाइल कुठल्या कपाटात आहे हे फक्त कक्ष अधिकाऱ्याला माहीत असतं. विद्यापीठ खरं चालवलं ते या मधल्या फळीने, असं माझं मत आहे.

नव्वदच्या दशकातला पात्रता विभाग, म्हणजे प्रवेश घेतलेल्यांचे कागद तपासणारा विभाग, हे या सगळ्याचं मध्य. ऑगस्ट-सप्टेंबरात कॉलेजांचे कारकून यायचे: कोणी सुरत पॅसेंजरने नंदुरबार-दोंडाईच्याहून, कोणी एसटीने, कोणी काळी-पिवळीत दाटीवाटीने. पिशवीत विद्यार्थ्यांचे मूळ दाखले, गुणपत्रिका, जातीचे दाखले, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. बाहेरच्या बोर्डाचा किंवा दुसऱ्या विद्यापीठाचा विद्यार्थी असला तर स्थलांतर प्रमाणपत्र हवंच. खानदेशाच्या एका टोकाला मध्य प्रदेश, दुसऱ्या टोकाला गुजरात. सीमेवरच्या गावांतली मुलं कुठल्याही बाजूला शिकून यायची, त्यामुळे असे कागद इथे नेहमीचेच. एखादा कमी पडला तर कारकून समोरच्या बाबूला म्हणायचा, “भाऊसाहेब, पोरगं धडगावचं शे, पुढल्या खेपेला आणतो ना!” आणि बरेचदा तात्पुरता प्रवेश मिळून जायचा. यात वशिला होता, दिरंगाई होती, चहापाणीही होतं. पण ‘थांबा, बघू’ म्हणू शकणारा माणूस समोर बसलेला असायचा.

विद्यापीठाच्या सरहद्दीचा परिणाम आणखी एका ठिकाणी झाला. अभियांत्रिकी प्रवेशात दीर्घकाळ 70 टक्के जागा ‘होम युनिव्हर्सिटी’च्या, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांच्या, आणि 30 टक्के बाहेरच्यांच्या. धुळे आणि मालेगाव यांच्यात अंतर पन्नासेक किलोमीटरचं, पण एक उमविचं आणि दुसरं पुण्याचं, म्हणून दोन मुलं वेगळ्या रांगांत. 1990 ची ती रेघ अशी थेट घरात पोचली.

मग एकेक अभ्यासक्रम विद्यापीठाच्या हातून सुटत गेला. 1998 मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि वैद्यकीय शिक्षण तिकडे गेलं. शेतकी तर आधीपासूनच राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं. पुढे लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला संलग्नतेचे अधिकार मिळाले, तेव्हा काही अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तो रस्ता धरला. 2015 च्या कायद्याने व्यावसायिक प्रवेश राज्याच्या सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) कक्षाकडे एकवटले. 2024 पासून बीबीए-बीसीएलाही सीईटी लागली. काल-परवापर्यंत हे प्रवेश कॉलेजच्या खिडकीवर होत. शिष्यवृत्ती राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर, जात पडताळणी समितीकडे. 2025 पासून अकरावीही राज्यभर केंद्रीय ऑनलाइन. प्रताप आणि मूळजी जेठा या दोन्ही जुन्या कॉलेजांना स्वायत्तता मिळाली, म्हणजे परीक्षाही त्यांच्या त्यांच्याकडे. पुण्याची खेप वाचावी म्हणून मागितलेलं विद्यापीठ तीस वर्षांत दारात उभं राहिलं खरं, पण कुणाला कुठे घ्यायचं हे ठरवणारा संगणक मुंबईत बसला.

टेबल मात्र मोकळं झालं नाही. 2005 चा माहिती अधिकार आला आणि उत्तरपत्रिकेच्या प्रतीपासून भरतीच्या टिपणीपर्यंत सगळं मागितलं जाऊ लागलं. भरती, संलग्नता, जात वैधता यांवरून रिट याचिका. त्यासाठी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) खंडपीठाच्या वाऱ्या. टोकरे कोळी किंवा ठाकूर जमातीच्या दाखल्याचा वाद ज्या घरात आहे, त्या घरातल्या मुलाचा प्रवेश वैधता प्रमाणपत्राच्या तारखेला लटकतो, हे इथल्या प्रत्येक प्राचार्याला माहीत आहे. निवडणुकांचंही तसंच. 1994 च्या कायद्याने कॉलेजांतल्या थेट निवडणुका थांबल्या, जीएस-यूआर या निवडून आलेल्या विद्यार्थी प्रतिनिधींच्या मिरवणुका संपल्या, प्रतिनिधी गुणवत्तेवर नेमले जाऊ लागले. 2016 च्या कायद्याने थेट निवडणूक परत आणली; 2019 मध्ये ती घ्यायची ठरली आणि विधानसभेच्या तोंडावर पुढे ढकलली गेली. आता पोरांचा सगळा जोर दिसतो तो विद्यापीठाच्या ‘युवारंग’ युवक महोत्सवात. तिथे अहिराणी गाणं सुरू झालं की मांडव हलतो.

2018 च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. असोद्याची, शाळेचं तोंड न पाहिलेली, 1951 मध्ये वारलेली बाई आज पदवी प्रमाणपत्राच्या माथ्यावर आहे, याचं अप्रूप खानदेशात अजून आहे. कुलसचिव कार्यालयाला मात्र त्या दिवसापासून शिक्के, लेटरहेड, संकेतस्थळ, गुणपत्रिकेचे नमुने सगळं बदलावं लागलं. जुन्या नावाची पदवी घेऊन बाहेर नोकरी मागणाऱ्याला दोन्ही विद्यापीठं एकच आहेत हे पटवून द्यावं लागतं, तेही याच कार्यालयाने. बोलण्यात लोक अजून ‘उमवि’च म्हणतात, बातम्यांत ‘कबचौउमवि’ छापतात.

ताजं ओझं नव्या शैक्षणिक धोरणाचं. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथं केलं तर ऑनर्स. मिळवलेली क्रेडिट्स, म्हणजे शिकलेल्या भागाचे श्रेयांक, अकॅडमिक बँक नावाच्या ऑनलाइन खात्यात सात वर्षं जपून राहणार. सातपुड्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी ही सोय कागदावर तरी सोयीची आहे. पण खातं ‘अपार’ या विद्यार्थी ओळख क्रमांकावर उघडतं आणि तो आधारवर. आधारवर आडनाव ‘पावरा’ आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘पावारा’ असलं की यंत्र पुढे सरकत नाही. मग शपथपत्र, राजपत्रातली नावबदलाची नोंद, कॉलेजचं पत्र, आणि ते सगळं जोडून अर्ज पुन्हा जळगावला, कुलसचिवांच्या नावे.