रडवलं म्हणून १००० ड्राक्मा दंड

फ्रिनिकस नावाच्या ग्रीक नाटककाराचा किस्सा मला फार आवडतो. इ.स.पू. ४९४ मध्ये इराणी फौजेने मिलेटस शहराची पार धूळधाण केली, अथेन्सवाल्यांना ते शहर म्हणजे सख्ख्या नात्यातलं, आणि या पठ्ठ्याने जखम ओली असतानाच त्यावर नाटक लावलं. हेरोडोटस लिहितो की अख्खं थिएटर ढसाढसा रडलं. नाटककाराला अजून काय पाहिजे? पण नाही, त्याला १००० ड्राक्मा दंड ठोकला, आमचंच दुःख आम्हाला परत दाखवलंस म्हणून, वर हे नाटक पुन्हा कोणी करायचं नाही असा हुकूम.

गंमत बघा, इ.स.पू. ४७२ मध्ये त्याच अथेन्समध्ये एस्किलस या नाटककाराने सालामिसच्या समुद्री लढाईत ग्रीकांकडून हरलेल्या इराणी दरबाराचा आक्रोश स्टेजवर आणला, म्हणजे चक्क शत्रूचं दुःख, आणि समोर बसलेल्यांत त्या लढाईत स्वतः उतरलेले लोक. त्याला पहिलं बक्षीस!

म्हणजे खरी मेख आहे ती दुःख आपल्यापासून किती लांबचं आहे यात. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, ज्याच्या वाट्याला नाहक भोग येतात त्याची करुणा येते, आणि तो आपल्यासारखाच असला की भीती वाटते. पण फार जवळचं झालं की करुणा संपते, उरतो तो नुसता धसका. तो एका माणसाचं उदाहरण देतो, पोटच्या पोराला लोक मारायला नेत होते तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, आणि मित्र भीक मागताना दिसला तेव्हा मात्र रडला.

आता मेंदूचं. २००४ मध्ये लंडनला एक प्रयोग झाला, बायकोला किंवा मैत्रिणीला स्कॅनरमध्ये झोपवायचं, जोडीदार शेजारी, आणि शॉक कधी हिच्या हाताला तर कधी त्याच्या, कोणाला बसणार ते स्क्रीनवरच्या खुणेवरून कळायचं. त्याला शॉक बसला तरी हिच्या मेंदूतले इन्सुला आणि सिंग्युलेट हे दुखण्याचा त्रास जाणवून देणारे भाग जागे व्हायचे, स्वतःला बसल्यावर होतात तसेच. पण नेमकं कुठे आणि किती दुखतंय याचा हिशोब ठेवणारा भाग गप्प. थोडक्यात चटका नाही, चटक्याची कळ तेवढी पोचते. नाटकात तर समोरचा नवरासुद्धा नसतो, तरी मला वाटतं आतली यंत्रणा साधारण हीच असावी.

आणि शेवट माहीत असला तरी ती चालू होतेच. सोफोक्लिस या ग्रीक नाटककाराच्या ईडिपस राजाचं घ्या. बापाला मारून आईशी लग्न करशील असं भाकीत ऐकून तो कोरिंथच्या राजाचं, म्हणजे आपल्या बापाचं, घर सोडून आलाय, आणि नकळत नेमकं तेच करून बसलाय. कोरिंथहून निरोप्या येतो तो तिथला राजा वारल्याची बातमी घेऊन, आणि ईडिपसची भीती घालवायला म्हणून बोलता बोलता बोलून जातो की तू त्या राजाचा मुलगाच नाहीस. त्याची बायको योकास्टा, खरं तर त्याची आईच, तिच्या डोक्यात लगेच प्रकाश पडतो. ती गयावया करते, आता पुढे विचारू नकोस. ईडिपसला वाटतं, आपण हलक्या कुळातले निघू म्हणून हिला लाज वाटतेय, आणि त्याच्या जन्माचं गुपित ठाऊक असलेल्या मेंढपाळाला तो बोलवायला सांगतो. हा सीन मला पाठ आहे, तरी दरवेळी खुर्चीचा हात घट्ट धरून मी मनात म्हणतो, अरे बाबा, ऐक ना तिचं, नको बोलावूस त्याला.