पेय-कार्टनचे पुनर्चक्रीकरण

दूध, ताक, फळांचे रस यांसाठी पुठ्ठा, पॉलिएथिलीन हे प्लास्टिक आणि बहुधा ॲल्युमिनियमचा अतिपातळ पत्रा यांचे थर एकमेकांना चिकटवून केलेले वेष्टन म्हणजे पेय-कार्टन. १९५१ साली स्वीडनमधील लुंड येथे रुबेन राउसिंग यांनी स्थापन केलेल्या कंपनीच्या नावावरून भारतात ते ‘टेट्रा पॅक’ म्हणूनच ओळखले जाते. फ्रिजबाहेर टिकणाऱ्या प्रकारात वजनाने सुमारे ७५ टक्के पुठ्ठा, २० टक्के पॉलिएथिलीन आणि ५ टक्के ॲल्युमिनियम असते.

याउलट पाणी व शीतपेयांची पेट या पारदर्शक प्लास्टिकची बाटली, झाकण व लेबल सोडल्यास, एकाच प्लास्टिकची असते. ती धुऊन, तुकडे करून वितळवता येते आणि तिच्यापासून धागा किंवा पुन्हा बाटलीही बनते. म्हणूनच भंगारात तिला भाव मिळतो. दुधाची रिकामी पिशवी महाराष्ट्रातील कित्येक घरांत धुऊन, वाळवून भंगारवाल्यासाठी ठेवली जाते तीही यामुळेच. कार्टनला मात्र बहुतेक ठिकाणी ना रद्दीत जागा मिळते, ना प्लास्टिकमध्ये. त्यातच स्ट्रॉ खुपसलेल्या खोक्याच्या घड्यांत उरलेला रस आंबतो, बुरशी धरते आणि पुठ्ठ्याचा कस जातो. हलका, ओला माल वेचून वाहून नेणाऱ्या कचरावेचकाला श्रमाचे मोल मिळत नाही, आणि खरी अडचण इथेच आहे.

कारखान्यातील प्रक्रिया त्या मानाने साधी आहे. पाण्याने भरलेल्या मोठ्या टाकीत कार्टन घुसळले की पुठ्ठ्याचे तंतू सुटून लगदा होतो. हे तंतू लांब व मजबूत असल्याने त्यांचा चांगला कागद आणि पुठ्ठा बनतो, पण तो सहसा पुन्हा पेयाच्या कार्टनसाठी वापरला जात नाही. मागे राहणारे पॉलिएथिलीन-ॲल्युमिनियमचे मिश्रण उष्णतेने दाबून छपराचे पत्रे, फळ्या व बाकडी केली जातात. हे दोन घटक वेगळे करण्यासाठी खास यंत्रणा लागते आणि ती मोजक्याच ठिकाणी आहे.

तथापि सरसकट प्लास्टिकला उजवे ठरवणे चुकीचे होईल, कारण वेफर्सची बहुस्तरीय पाकिटे कार्टनहूनही अवघड असतात. त्यांतून सुटा काढण्याजोगा कागदही मिळत नाही. भारतात प्लास्टिकबरोबर अन्य पदार्थाचा थर असलेल्या वेष्टनांसाठी २०२२ च्या विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वतंत्र वर्ग असून, अशा वेष्टनांच्या संकलनाची व प्रक्रियेची जबाबदारी उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालकांवर टाकलेली आहे.