पहिल्या गाणाऱ्याला नेहमी 7 च मार्क का मिळतात?

आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी मुलांची गाण्याची स्पर्धा असते आणि गेली काही वर्षं मला परीक्षक म्हणून बसवतात. मी काही मोठी गायिका नाही, आठ वर्षं शास्त्रीय शिकले एवढंच. तर दोन वर्षांपूर्वी चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिलाच नंबर एका सातवीतल्या मुलीचा आला. तिने अभंग म्हटला, सूर पक्का, जागा सुंदर घेतल्या, आणि मी कागदावर 10 पैकी 7 लिहिले. का? तर पुढे अजून 21 जण होते, कोण कसं गाईल माहीत नाही, आत्ताच 9 देऊन बसले आणि नंतर कोणी हिच्याहून भारी निघालं तर द्यायला मार्कच उरणार नाहीत. शेवटी शेवटी ज्यांना मी 8 आणि साडेआठ दिले ते तिच्याहून चांगलं गायले असं मला आजही वाटत नाही. तिचा नंबर आला नाही. ते मनाला इतकं लागलं की मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले, आणि टीव्हीवरच्या मोठमोठ्या म्युझिक अवॉर्ड्सकडे बघायची माझी नजरच बदलली.

सगळ्यात आधी बेल्जियमची गोष्ट सांगते कारण ती अक्षरशः माझ्या 7 मार्कांची गोष्ट आहे. ब्रुसेल्सला क्वीन एलिझाबेथ स्पर्धा होते, पियानो आणि व्हायोलिनच्या जगात तिचा प्रचंड दबदबा, फायनल तिकडच्या टीव्हीवर दाखवतात. फायनलला 12 जण, रोज संध्याकाळी दोघं असे सहा दिवस, आणि कोण कधी वाजवणार हे सुरुवातीलाच चिठ्ठीने ठरतं. आता चिठ्ठीने ठरतं म्हटल्यावर पहिल्या दिवशी वाजवणारे आणि शेवटच्या दिवशी वाजवणारे यांच्या टॅलेंटमध्ये सरासरी फरक असायचं काहीच कारण नाही. पण व्हिक्टर गिन्सबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षांचे निकाल तपासले तेव्हा दिसलं की सुरुवातीला वाजवणाऱ्यांचे नंबर खाली जातात आणि नंतरच्यांचे वर येतात. एक कारण असं असू शकतं की फायनलला सगळ्यांना एक कोरी करकरीत, खास त्या स्पर्धेसाठी लिहिलेली रचना वाजवावी लागते, ती ज्युरीलाही नवीनच असते, पहिल्यांदा ऐकताना कान चाचपडत असतो आणि सहाव्या दिवसापर्यंत तीच रचना ओळखीची होऊन आवडायला लागते.

आणि पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. 2003 मध्ये गिन्सबर्ग आणि यान फान आवर्स यांनी हे बघितलं की या पियानोवाल्यांचं पुढे काय झालं, किती रेकॉर्ड्स निघाल्या, समीक्षक काय म्हणतात वगैरे. ज्यांचा नंबर वरचा त्यांचं करिअर चांगलं झालं, हे साहजिक आहे असं आपण म्हणू, चांगले होते म्हणून. पण चिठ्ठीच्या नशिबामुळे मिळालेला वरचा नंबरसुद्धा तेवढाच कामाला आला! म्हणजे बक्षीस नुसतं गुण ओळखत नाही, ते पुढचं आयुष्य घडवतं, आणि त्यात एका चिठ्ठीचा हात असतो.

तुम्ही म्हणाल मार्क लगेच न देता सगळ्यांचं ऐकून झाल्यावर द्यावेत. मलाही तेच वाटलं होतं. युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेत तसंच असायचं, सगळी गाणी झाली की मग मतं, तरीही वांडी ब्रुइने दे ब्रुइन या संशोधिकेने 2005 मध्ये युरोव्हिजन आणि फिगर स्केटिंग दोन्हीकडचे आकडे काढले तेव्हा उशिरा येणाऱ्यांना जास्त मार्क मिळतात हेच दिसलं. युरोव्हिजन 1956 पासून चालू आहे आणि 2025 पर्यंत दुसऱ्या नंबरवर गाणारा एकदाही जिंकलेला नाही. आणि 2013 पासून तर फायनलचा क्रम मुख्यतः शोचे निर्माते ठरवतात, कारण सलग तीन संथ गाणी आली तर प्रेक्षक चॅनल बदलतो. टीव्हीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण जी गोष्ट निकालावर परिणाम करते ती करमणुकीच्या सोयीने ठरते हे मला खटकतं.

आता कानाबद्दल. आपण सगळे म्हणतो की गाण्यात आवाज महत्त्वाचा. चिया-जुंग त्से ही स्वतः पियानो वाजवणारी मानसशास्त्रज्ञ, तिने 2013 मध्ये एक प्रयोग छापला. खऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधल्या पहिल्या तीन फायनलिस्टच्या छोट्या क्लिप घेतल्या आणि लोकांना विचारलं की यातला विजेता ओळखा. काहींना फक्त आवाज, काहींना आवाज आणि व्हिडिओ, काहींना आवाज बंद करून नुसता व्हिडिओ. तिघांतून एक, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवलं तरी 33 टक्के बरोबर यायला पाहिजे. नुसता आवाज ऐकणाऱ्यांना तेवढंही जमलं नाही. आणि मुका व्हिडिओ बघणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांनी विजेता बरोबर ओळखला. व्यावसायिक संगीतकारांचंही तेच झालं, हे वाचून मी हादरलेच. 2018 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हा प्रयोग परत करून बघितला, परिणाम परत मिळाला, पण वेगळ्या क्लिप निवडल्या की चित्र बदलतं असंही त्यांना दिसलं, त्यामुळे डोळा कायम कानावर मात करतो असं सरसकट म्हणता येणार नाही. तरी जिथे सगळेच तयारीचे असतात, सुराचा फरक केसाएवढा असतो, तिथे निवड करताना आपण चेहरा, हातवारे, आवेश यांचा आधार घेतो आणि आपल्याला वाटत राहतं की आपण ऐकतोय.

ग्रॅमी या अमेरिकेतल्या मोठ्या संगीत पुरस्कारांच्या इतिहासातलं सगळ्यात दुःखद उदाहरण इथेच बसतं. फेब्रुवारी 1990 मध्ये मिली व्हॅनिली या जोडीला सर्वोत्तम नवोदित कलाकाराचा ग्रॅमी मिळाला, दिसायला देखणे, नाचायला जबरदस्त, आणि नोव्हेंबरमध्ये उघड झालं की अल्बमवर आवाज त्यांचा नव्हताच. अवॉर्ड परत घेतलं. ज्यांनी खरंच गायलं होतं त्यांना मात्र ते मिळालं नाही.

ग्रॅमीचं कामकाज समजून घेतलं तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. तिथे चार-पाच जाणकार बसून ऐकत नाहीत, ग्रॅमी देणाऱ्या रेकॉर्डिंग अकॅडमी या संस्थेचे हजारो सदस्य मतं देतात, ते स्वतः गायक, वादक, निर्माते, इंजिनिअर असतात, त्यामुळे ते अडाणी आहेत असं कोणी म्हणू नये. पण एवढ्या सगळ्यांनी सगळं ऐकलेलं असणं शक्य नाही आणि मग ओळखीचं नाव जिंकतं. 1989 मध्ये हार्ड रॉक आणि मेटलचं पहिलं ग्रॅमी मेटालिका या मेटल बँडला न मिळता जेथ्रो टल या जुन्या बँडला मिळालं तेव्हा खूप आरडाओरडा झाला, पुढच्याच वर्षी त्या कॅटेगरीचे दोन भाग केले आणि मेटालिकाला मेटलचं मिळालं. 2021 च्या ग्रॅमीत द वीकेंड या गायकाला एकही नामांकन नव्हतं, त्यानंतर काही महिन्यांत नामांकनं ठरवणाऱ्या गुप्त समित्या बहुतेक ठिकाणी बंद केल्या गेल्या, आणि त्याच वर्षी बिलबोर्ड मासिकाने त्याच्या एका गाण्याला आपल्या हॉट 100 या लोकप्रिय गाण्यांच्या यादीच्या आजवरच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं गाणं ठरवलं.

आणि टीव्हीवर आपण जे बघतो ते ग्रॅमी म्हणजे सगळं ग्रॅमी नाहीच. कॅटेगरी 90 च्या वर आहेत, मुख्य शोमध्ये त्यातल्या अगदी थोड्या देतात, बाकी सगळ्या आधी दुपारच्या कार्यक्रमात. फेब्रुवारी 2024 मध्ये माहीममध्ये वाढलेल्या आपल्या झाकिर हुसेन यांनी एका दिवसात तीन ग्रॅमी घेतले, तिन्ही त्या दुपारच्या कार्यक्रमात. तबल्यावर एवढं प्रभुत्व असलेला माणूस आणि प्राइम टाइमला जागा नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कॅटेगरी असणं-नसणं हा तर वेगळाच विषय. फिल्मफेअरमध्ये सुरुवातीला पार्श्वगायनाला बक्षीसच नव्हतं, लताबाईंनी त्यावर आवाज उठवला, मग 1959 पासून ते सुरू झालं आणि पहिलं त्यांनाच मिळालं. त्याआधीच्या वर्षांत कोण उत्तम गायलं याची फिल्मफेअरच्या यादीत ओळसुद्धा नाही.

मग गुणवत्ता वगैरे काही नसतंच का? असतं, आणि याचा पुरावा मला सगळ्यात आवडतो. 2006 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी अनोळखी बँडची 48 गाणी एका वेबसाइटवर ठेवली आणि 14,341 लोकांना ऐकायला बोलावलं. काहींना नुसती गाणी दिसायची, बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकलं, आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी डाउनलोड केलंय हे त्यांना दिसायचं. म्हणजे एकाच बाजाराच्या आठ आवृत्त्या. वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी हिट झाली! पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, इतरांचे आकडे न बघता लोकांनी जी गाणी सगळ्यात चांगली ठरवली होती ती क्वचितच तळाला गेली आणि सगळ्यात वाईट होती ती क्वचितच वर आली. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. मला याचा अर्थ असा लागतो की 22 मुलांतून चांगली गाणारी सात-आठ मुलं ओळखणं आपल्याला जमतं, त्या आठांतला पहिला कोण हे ओळखणं जमत नाही, आणि ट्रॉफी नेमकी तिथेच दिली जाते. 2023 च्या युरोव्हिजनमध्ये प्रेक्षकांनी फिनलंडला 376 आणि स्वीडनला 243 पॉइंट दिले, ज्युरीने उलट स्वीडनला 340 आणि फिनलंडला 150, बेरजेत स्वीडन जिंकलं. दोन्ही गाणी वरच्या थरातली होती, पहिला कोण हे कोणाला विचारलं यावर ठरलं.

हरणाऱ्यांचं काय होतं हेही आता मोजलंय. 2022 मध्ये जियाकोमो नेग्रो आणि सहकाऱ्यांनी ग्रॅमीनंतरच्या अल्बमचा अभ्यास केला, जिंकलेले कलाकार पुढे जास्त वेगळं, स्वतःचं काहीतरी करतात आणि नामांकन मिळून हरलेले इतरांसारखं वाजवायला लागतात. त्या सातवीतल्या मुलीची आठवण मला तिथे परत झाली.

यंदा मी कमिटीला सांगितलंय की दोन फेऱ्या घ्या, पहिली पडद्यामागून, दुसरी समोर, आणि दुसऱ्या फेरीत क्रम बरोबर उलटा. रात्री 10 ला स्पीकर बंद करावा लागतो म्हणून कुरकुर झाली, मग प्रत्येकाने एका फेरीत नुसता मुखडा आणि एक अंतरा म्हणायचा असं ठरलं, आणि संध्याकाळची आरती अर्धा तास आधी.