युरोपात ट्रक अडवून दंड लावला तर: अपील कोण करू शकतं, कुठली कागदं लागतात, पैसे कधी भरायचे

पोलंड-लिथुआनियाच्या कंपन्या भारतातून ड्रायव्हर घेतायत, शिवाय २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यामुळे ट्रकवाल्या पोरांची चौकशी वाढलीय. पगार किती, व्हिसा कसा, हे सगळे विचारतात. पण रस्त्यात अडवून चारशे युरोची पावती हातात दिली तर करायचं काय, हे कोणी विचारत नाही, एजंट तर मुळीच सांगत नाही.

आधी एक गोष्ट पक्की करा. रस्त्यात तुमच्याकडून जे पैसे घेतात ते दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे दंड, तो भरला की बहुतेक ठिकाणी विषय संपला, नंतर कितीही बोंबललात तरी उपयोग नाही. दुसरी म्हणजे अनामत, तुम्ही बाहेरच्या देशातले आहात, उद्या पळून जाल म्हणून आधीच ठेवून घेतलेली रक्कम, ती दिली म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही आणि केस तुमच्या बाजूने लागली तर ती परत मिळते. मशीनवर कार्ड टॅप करताना दोन्ही सारखंच दिसतं, फरक फक्त कागदावर असतो, म्हणून सही करण्याआधी "हा दंड आहे का अनामत?" एवढं विचारायचंच, इंग्रजी येत नसेल समोरच्याला तर मोबाइलवर ट्रान्सलेट करून दाखवायचं.

आणि हो, आपल्याकडची सवय म्हणून लायसन्समध्ये नोट घालून पुढे करू नका. तिथे चहापाणी हा सरळ फौजदारी गुन्हा आहे, दंड राहील बाजूला आणि तुम्हीच आत जाल. उलट कोणी युनिफॉर्मवाला "पावती नको, अर्धे दे" म्हणाला तर ओळखपत्र मागा, गाडीचा नंबर लिहून घ्या आणि ११२ लावा.

अपील कोण करू शकतं

ज्याच्या नावाने कागद निघाला तो. हे ऐकायला सोपं वाटतं पण गोंधळ इथेच होतो, कारण एकाच चेकिंगमध्ये ड्रायव्हरवर वेगळा आणि कंपनीवर वेगळा दंड लागू शकतो, पोलंडमध्ये तर ट्रान्सपोर्ट मॅनेजरवरही वेगळा. गाडी ओव्हरलोड, कंपनीच्या परवान्याची प्रत नाही, पोस्टिंगचं डिक्लेरेशन (ड्रायव्हरला दुसऱ्या देशात कामाला पाठवल्याची कंपनीची नोंद) नाही, ही सहसा कंपनीची जबाबदारी असते, ती तुमच्या नावावर लिहून घेऊ देऊ नका. ड्रायव्हिंगचे तास, ब्रेक, टॅकोग्राफचं (गाडी चालवल्याचे तास नोंदवणाऱ्या यंत्राचं) कार्ड, स्पीड, हे तुमचं. पण तासांच्या बाबतीतही युरोपियन नियम ५६१/२००६ चं कलम १० सांगतं की ड्रायव्हरने केलेल्या उल्लंघनाला कंपनीही जबाबदार आहे, भले ते दुसऱ्या देशात झालेलं असो. डिस्पॅचर फोनवर "अजून ४० किलोमीटर मार, अनलोडिंग आहे" म्हणतो तेव्हा हे कलम लक्षात ठेवा आणि ते त्याला मेसेजवर लिहायला लावा, फोनवर बोललेलं हवेत जातं.

तुम्ही भारतीय पासपोर्टवाले आहात, युरोपचे नागरिक नाही, याने अपीलचा हक्क जात नाही.

कागदं

युरोपियन कंपनीत नोकरी करणाऱ्या बाहेरच्या देशाच्या ड्रायव्हरला ड्रायव्हर अटेस्टेशन (हा ड्रायव्हर कंपनीत कायदेशीर कामाला आहे असं प्रमाणपत्र) लागतं, नियम १०७२/२००९ प्रमाणे, आणि त्याची मूळ प्रत गाडीत हवी, झेरॉक्स चालत नाही, ती ऑफिसात राहते. बरेच जण उलटं करतात, मूळ कागद ऑफिसच्या फाइलमध्ये आणि गाडीत व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो, मग चेकिंगला दंड लागला की नशिबाला दोष. याशिवाय लायसन्स आणि कोड ९५ (व्यावसायिक ड्रायव्हरच्या प्रशिक्षणाची लायसन्सवरची नोंद), टॅकोग्राफचं कार्ड, कंपनीच्या कम्युनिटी लायसन्सची (युरोपभर माल वाहण्याच्या परवान्याची) सर्टिफाइड कॉपी, मालाचं सीएमआर (आंतरराष्ट्रीय वाहतुकीची मालचिठ्ठी), पोस्टिंगचं डिक्लेरेशन, आणि नोकरीचा करार. टॅकोग्राफचं कार्ड हरवलं किंवा चोरीला गेलं तर ७ दिवसांत नव्यासाठी अर्ज करायचा, आणि कार्डाशिवाय जास्तीत जास्त १५ दिवस चालवता येतं, रोज ट्रिपच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रिंटआउट काढून त्यावर नाव, कार्ड नंबर टाकून सही करायची या अटीवर.

आता रेकॉर्डचा विषय. पूर्वी चालू दिवस आणि मागचे २८ दिवस दाखवावे लागायचे, ३१ डिसेंबर २०२४ पासून ते ५६ झालेत. म्हणजे दोन महिन्यांपूर्वी कुठे झोपलात तेही आज विचारतात. मधे सुट्टीवर गावी जाऊन आलात तर तो काळ परत आल्यावर टॅकोग्राफमध्ये हाताने टाकायचा, रिकामा ठेवलात की इन्स्पेक्टर तिथेच बोट ठेवतो.

तास पुरे पडले नाहीत तर काय, यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त अन्याय्य वाटणारे दंड इथलेच. दिवसाला ९ तास, आठवड्यात दोनदा १०, साडेचार तासांनी ४५ मिनिटांचा ब्रेक, हे सगळ्यांना पाठ असतं. पण नियम ५६१/२००६ चंच कलम १२ फार जणांना माहीत नसतं. पुढे अपघात झाला, हायवे बंद झाला, बर्फ पडला आणि तुम्ही सुरक्षित जागेपर्यंत पोचायला तास ओलांडले तर ते माफ होऊ शकतं, पण एका अटीवर. थांबल्या थांबल्या टॅकोग्राफचा दिवसाचा प्रिंटआउट काढायचा, तो रोल उलटा करून मागच्या बाजूला पेनने लिहायचं, उदाहरणार्थ "ए५, डार्मश्टाटजवळ अपघात, १७.१० ते १८.२५ ट्रॅफिक उभं, पुढच्या पार्किंगपर्यंत ३० मिनिटं जास्त", तारीख, सही. इंग्रजीत किंवा त्या देशाच्या भाषेत लिहा, मराठीत लिहून उपयोग नाही. आणि लगेच मोबाइलने फोटो काढा, कारण तो थर्मल कागद केबिनच्या उन्हात महिन्याभरात पुसट होतो. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेलं चालत नाही, पोचल्यावर लगेच लिहायचं असतं. मात्र "पार्किंग फुल होतं" एवढ्यावर सगळीकडे सुटका होत नाही, कारण जागा मिळत नाही हे रोजचंच आहे, आधी प्लॅन करायला हवं होतं असं इन्स्पेक्टर म्हणतात. ड्रायव्हरने काय करावं हे त्यांनी सांगावं, पण असो.

देशादेशाची पद्धत

जर्मनी. ५५ युरोपर्यंतची किरकोळ ताकीद असते, ती भरली की संपली. त्यावरच्या प्रकरणात परदेशी ड्रायव्हरकडून अनामत घेतात, रक्कम म्हणजे अंदाजे दंड अधिक खर्च, हा खर्च साधारण २८.५० युरो. पोलिस असतील किंवा बीएएलएम, म्हणजे लॉजिस्टिक्स आणि मोबिलिटीचं संघीय खातं, पद्धत तीच. तिथे एका फॉर्मवर तुमच्या वतीने नोटीस घेणाऱ्या जर्मनीतल्या माणसाचं नाव टाकतात. हा फॉर्म न वाचता सही करू नका. कारण नंतर दंडाचा अधिकृत निर्णय त्याच्या हातात पडला की तिथून हरकतीचे दोन आठवडे सुरू होतात, तुम्ही तेव्हा स्पेनला माल उतरवत असता. त्या माणसाचा पत्ता-फोन घ्या आणि दर आठवड्याला विचारा. हरकत एका ओळीची चालते, फाइल नंबर, तारीख, "मी या निर्णयाविरुद्ध हरकत घेतो" जर्मनमध्ये आणि सही, कारण नंतर देता येतं. साध्या ईमेलवर विसंबू नका, रजिस्टर टपाल करा. एक धोका मात्र आहे, कोर्टात गेल्यावर जज दंड वाढवूही शकतो, म्हणून पुरावा कच्चा असेल तर वकिलाला विचारूनच पुढे जा.

इटली. तिथे पाच दिवसांत भरलं तर ३० टक्के सूट, आणि हेच आमिष. सूट घेतलीत की अपील गेलं. परदेशी नंबरप्लेट असेल तर तिथल्या तिथे पैसे भरा नाहीतर अनामत ठेवा, दोन्ही नाही केलं तर गाडी ६० दिवसांपर्यंत अडकवतात, म्हणून लढायचं असेल तर अनामत ठेवतोय असं स्पष्ट सांगा. वर्बालेवर, म्हणजे दंडाच्या कागदावर, ड्रायव्हरचं म्हणणं लिहायची जागा असते, ती रिकामी सोडू नका. मग दोन रस्ते, प्रीफेक्टकडे (जिल्ह्यातला सरकारी अधिकारी) ६० दिवसांत, फुकट, पण हरलात तर रक्कम दुप्पट होते, किंवा जस्टिस ऑफ द पीसकडे (लहान प्रकरणांचा न्यायाधीश) ३० दिवसांत, परदेशात राहत असाल तर ६० दिवस, लहान रकमेला ४३ युरो फी. मला दुसरा रस्ता बरा वाटतो, निदान समोर माणूस ऐकतो.

पोलंडमध्ये मांदात, म्हणजे तिथल्या तिथे दिलेला दंड, स्वीकारला की तो कायम झाला. नंतरच्या सात दिवसांत तो रद्द होतो तो फक्त केलेली गोष्ट गुन्हाच नव्हती असं असेल तरच. म्हणून पटत नसेल तर तिथेच नाकारायचा, "न्ये प्शीमुये मांदातु", मग प्रकरण कोर्टात जातं. स्पेनला ट्रॅफिकच्या दंडावर २० दिवसांत भरलं तर ५० टक्के सूट, आणि हरकतीलाही तेच २० दिवस, म्हणजे एकच निवडायचं. फ्रान्समध्येही परदेश्याकडून अनामत घेतात, हरकतीसाठी साधारण ४५ दिवस मिळतात, रजिस्टर पत्राने.

अर्जात काय लिहायचं

रडगाणं नको, कलम लिहा. दोन निकाल जवळ ठेवा. युरोपियन कोर्टाने २४ मार्च २०२१ ला, केस ८७०/१९ आणि ८७१/१९ मध्ये, सांगितलंय की चेकिंगच्या वेळी अनेक दिवसांची टॅकोग्राफची रेकॉर्ड दाखवता आली नाहीत तरी तो एकच गुन्हा, दिवसागणिक वेगळा दंड नाही. इटलीतूनच ही केस गेली होती. आता ५६ दिवसांच्या नियमामुळे हे जास्त कामाचं. दुसरा, ९ फेब्रुवारी २०१२, केस २१०/१०, हंगेरीत चूक लहान असो मोठी असो सरसकट एक लाख फोरिंट दंड होता, कोर्टाने म्हटलं की हा प्रमाणाबाहेर आहे. तुमच्यावर बारीकशा चुकीला मोठा फ्लॅट दंड लावला असेल तर हाच मुद्दा.

आणखी एक, एकाच चुकीसाठी दोन देशांनी दंड घ्यायचा नाही. जर्मनीत भरला आणि तीच तारीख फ्रान्सने काढली तर पहिली पावती दाखवा. दंड लावणाऱ्याने लेखी पुरावा द्यायलाच हवा, नियम ५६१/२००६ चं कलम १९, आणि तो दुसऱ्यांदा दंड लागण्याची शक्यता संपेपर्यंत ड्रायव्हरने सांभाळायचा, कलम २०. पावत्यांची एक वेगळी प्लास्टिक फाइल केबिनमध्ये ठेवा.

मालकाने पगारातून कापलं तर

हा दंडापेक्षा मोठा घोळ. पोलंडच्या कामगार कायद्यात दंडाची रक्कम तुमच्या लेखी संमतीशिवाय पगारातून कापता येत नाही, त्यामुळे जॉइनिंगच्या वेळी कोरी संमती मागत असतील तर सही करू नका. तक्रार तिथल्या राज्य कामगार निरीक्षक कार्यालयाकडे, पीआयपी म्हणतात त्याला, फुकट असते आणि तुमचं नाव तुमच्या परवानगीशिवाय मालकाला कळत नाही. लिथुआनियात तसंच कामगार निरीक्षक कार्यालय म्हणजे व्हीडीआय. जर्मनीतून गाडी चालवत असाल तर कामगार संघटनांचा फेअर मोबिलिटी नावाचा सल्ला विभाग अनेक भाषांत मोफत सांगतो. भारतीय दूतावास दंडाचं अपील करून देत नाही, पण मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला, पगार बुडवला तर भारत सरकारच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका, त्याचा नंबर मिळतो.

शेवटी परताव्याचं. हरकत मान्य झाली तर अनामत ज्याने भरली त्याला जाते. कंपनीच्या कार्डावरून भरली आणि मालकाने ती तुमच्या पगारातून कापली, तर पैसे परत मालकाच्या खात्यात पडतील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. म्हणून अर्जातच स्वतःचा आयबीएएन (बँक खात्याचा आंतरराष्ट्रीय नंबर) लिहा, रक्कम तुमच्याकडून वसूल झाल्याची पगार स्लिप जोडा, आणि सगळ्याची एक प्रत घरी कोणाच्या तरी ईमेलवर टाकून ठेवा.